स्लिपर ऑर्किड मुंबईत लावायचंय? पाऊस सुरू व्हायच्या आत वाचा

जून जवळ आला की बरेच जण विचारतात, ते बर्फात टिकणारं स्लिपर ऑर्किड (चपलेसारख्या फुलाचं ऑर्किड), सिप्रिपेडियम, आपल्याकडे येईल का, पाऊस तर भरपूर आहे ना. नाही येणार. त्याचं अडतं थंडीवर. हिवाळ्यात ते जमिनीखाली झोपतं आणि तेव्हा त्याला जवळपास तीन महिने ५ अंशांच्या आसपास किंवा खालची थंडी लागते, हिमालयात ती बर्फाखाली आयती मिळते, आणि आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटेही १६-१७ अंश. महागडं मूळ आणून लावलंत तर साठवलेल्या जोरावर एकदा फुटेल, मग खंगत जाईल. पैसे घालवू नका, प्लीज.

त्याऐवजी पॅफिओपेडिलम घ्या, तेही स्लिपरच. त्यातही चट्ट्यापट्ट्यांच्या पानांचं, मॉडी टाइपचं हायब्रिड, कारण त्याला उकाडा सोसतो. साध्या हिरव्या लांब पानांच्या बऱ्याच जातींना फुलायला गार रात्री लागतात, त्या इथे नुसती पानं काढत बसतात.

आता पावसाळ्याचं. कुंडी ग्रिलमध्ये उघड्यावर ठेवू नका, वर छप्पर हवंच. पानांच्या मधल्या गाभ्यात पाणी साचून राहिलं की सड लागते, पान तपकिरी मऊ पडतं, वास येतो आणि बघता बघता अख्खा फुटवा जातो. बॅक्टेरियाची सड असेल तर नेहमीच्या बुरशीनाशकाने काही होत नाही, सडलेला भाग चांगल्या भागापर्यंत कापा, कोरडा करा, कॉपर ऑक्सिक्लोराइड लावा आणि ते रोप बाकीच्यांपासून लांब ठेवा. छोटा टेबल फॅन हळू फिरता ठेवला तर अर्धी काळजी मिटते. पाणी सकाळीच, मिडियमला म्हणजे कुंडीतल्या भरावाला. पण पूर्ण सुकूही देऊ नका, बऱ्याच ऑर्किडसारखे पाणी साठवणारे फुगीर कंद याला नसतात. मिडियम म्हणजे बारीक साल, कोळसा, थोडं परलाइट, नुसतं कोकोपीट नको. टँकर-बोअरचं खारं पाणी तर अजिबात नको, त्यापेक्षा पावसाचं बादलीत धरा.

आणि घेताना, जंगलातून उपटलेलं रोप कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. सगळी पॅफिओपेडिलम साइट्स (CITES, दुर्मिळ वन्य जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहेत, केरळच्या अगस्त्यमलै डोंगरातली ड्रुरी ही जात तर लोकांनी उपटून उपटून संपवत आणलीय. तुटकी मुळं, फाटकी चिरलेली पानं, कुंडीत न रुळलेला गुच्छ दिसला की जंगलातलं समजा. बिल देणाऱ्या नर्सरीतून लॅबमध्ये वाढवलेलंच घ्या, आणि कुरियरने मागवणार असाल तर ऑक्टोबर उलटू द्या, भर पावसात ओल्या खोक्यात अडकलेलं रोप गाभ्यातून सडूनच हातात येतं.