उजनीचा आकडा बघून भिगवणला या

भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला यायचं ठरलं की लोक आधी राहायची सोय शोधतात. तुम्ही आधी उजनी धरणात त्या दिवशी किती टक्के पाणी आहे तो आकडा बघा. आमची शेती इंदापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या, म्हणजे मागे तुंबलेल्या पाण्याच्या काठाला. इथे सकाळी चहाबरोबर टक्केवारीच निघते.

हा आकडा नवख्याला फसवतो. धरणात एकूण साधारण 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, पण शंभर टक्के म्हणतात ते फक्त वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीला. त्याखालचा 63 टीएमसी मृतसाठा हिशेबातच नाही. म्हणून ‘उजनी शून्यावर’ अशी बातमी आली तरी तळ दिसत नसतो. पुढे मृतसाठ्यातलं पाणी घटेल तसा आकडा उणे होत जातो. 2024च्या उन्हाळ्यात तो जवळपास उणे साठ टक्क्यांना टेकला होता.

पावसाळ्यात इथलं आभाळ बघून उपयोग नाही, आमच्याकडे पाऊस बेताचाच. खडकवासला, पवना, चासकमान अशा वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी भीमेत येतं, तेव्हा दौंडचा विसर्ग, म्हणजे तिथून नदीत किती पाणी वाहतंय ते बघायचं. 6,200 क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) विसर्ग दिवसभर चालला की उजनी साधारण एक टक्का चढते. धरण भरलं की खाली पंढरपूरच्या पुराचीही काळजी, म्हणून दरवाजे कधी आणि किती उघडायचे हा नाजूक खेळ. सोडलेल्या पाण्यावर थोडी वीजही होते, 12 मेगावॉटचं केंद्र आहे.

तुडुंब धरणात रोहित शोधू नका. त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो, त्यातलं शेवाळ आणि बारीक किडे चोच उलटी धरून गाळून खातात. हिवाळ्यात कालव्याची आवर्तनं, म्हणजे शेतीला पाणी सोडायच्या पाळ्या सुरू होतात, सोलापूरला प्यायला पाणी जातं, काठ उघडे पडतात आणि कुणी त्या गाळाच्या जमिनीत पीक घेतं, त्याला गाळपेर म्हणतात. आम्ही मोटारीचे पाइप पुढे सरकवत असतो तेव्हा कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला थवे उतरलेले असतात. आमची चिंता आणि त्यांची चंगळ एकाच वेळी सुरू होते, त्याला इलाज नाही. जानेवारी ते मार्च हा काळ सहसा बरा. एखाद्या वर्षी पाणी उशिरा उतरतं, तेव्हा तेही उशिरा.

फक्त रोहितांसाठी अडून बसू नका. हिवाळ्यात पट्टकादंब हंस आणि बदकं असतात, शिवाय माशांवर टपलेला कैकर हा शिकारी पक्षी. त्याच माशांवर इथल्या मच्छीमारांची घरं चालतात आणि होड्याही बहुतेक त्यांच्याच.

होडी पहाटेच धरा, नंतर वारा सुटतो. थव्यातल्या पक्ष्यांनी खाणं सोडून माना वर केल्या आणि सगळे एका दिशेला चालू लागले, की नावाड्याला तिथेच थांबायला सांगा. आणखी पुढे गेलात तर ते उडणारच. फोटोसाठी मुद्दाम थवा उडवायला लावणारे गिऱ्हाईक इथे कुणालाच आवडत नाहीत, पण पैशापुढे नावाडी बोलत नाही. तुम्हीच निघण्याआधी त्याला सांगून ठेवा, उडवायचे नाहीत, आणि भाडं पूर्ण द्या.