अफगाणी युद्ध-गालिचे: घेताना, वाचताना आणि जपताना या चुका टाळा

डिसेंबर १९७९मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. पुढच्या काही वर्षांत बलुच आणि तुर्कमेन विणकरांच्या गालिच्यांवर फुलापानांच्या जागी रणगाडे, कलाश्निकोव्ह, हातबॉम्ब आणि एमआय-२४ हेलिकॉप्टरं उमटू लागली. असे गालिचे देशात विणले गेले, तसे पाकिस्तानात पेशावरजवळच्या निर्वासित छावण्यांतही. आज हे गालिचे ऑनलाइन सहज मिळतात, आणि घेणारा चित्रावरच भुलतो. चित्र नंतर बघा. गालिचा हातात आला की आधी उलटा करा.

पाठ न बघता पैसे देणं

हाताने गाठी मारलेल्या गालिच्यात समोरचं चित्र पाठीवरही स्वच्छ दिसतं, आणि झालर म्हणजे ताण्याचीच, उभ्या धाग्यांची, सुटी टोकं असतात. झालर वेगळी शिवलेली असेल तर जास्त बारकाईने तपासा. पाठीला कापड डकवलेलं आणि खाली रबरासारखा गोंद लागत असेल, तर तो गाठींचा गालिचा नव्हेच.

गाठी मोजताना हमखास दुप्पट आकडा निघतो. एक गाठ दोन ताण्यांभोवती बसते. दोन्ही ताणे एका पातळीत असतील तर पाठीवर एकाच गाठीचे दोन उंचवटे शेजारी दिसतात आणि दोन्ही मोजले जातात. म्हणून चित्रातला सर्वांत बारीक ठिपका शोधा, उदाहरणार्थ हेलिकॉप्टरच्या खिडकीचा. तो शेजारी-शेजारी दोन उंचवट्यांचा असेल तर ती एक गाठ. १० सेंटिमीटरात आडव्या ३० आणि उभ्या ३५ आल्या, तर चौरस मीटरला १,०५,००० गाठी. ६० बाय ९० सेंटिमीटरच्या छोट्या गालिच्यात त्या ५६,७०० होतात. विक्रेत्याने याच्या दुप्पट सांगितल्या तर त्याने उंचवटे मोजलेत.

विणलेलं साल चुकीचं वाचणं

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. सोव्हिएत युद्धाच्या काळात अफगाणिस्तानात सौर हिजरी, म्हणजे सूर्यावर मोजलेला हिजरी सन चालत होता. गालिच्यावर १३६७ दिसलं आणि ते चांद्र हिजरी धरलं, तर साल १९४७-४८ निघतं आणि सोव्हिएत युद्धाचा गालिचा आहे त्यापेक्षा चाळीसेक वर्षं जुना ठरतो. सौर सालात ६२१ मिळवा. जानेवारीपासून नवरोजपर्यंतच्या (सौर वर्षाचा पहिला दिवस), म्हणजे साधारण २० मार्चपर्यंतच्या तारखेसाठी ६२२. शेवटच्या सोव्हिएत तुकड्या उत्तर सीमेवरची अमूदर्या नदी ओलांडून गेल्या तो दिवस, १५ फेब्रुवारी १९८९, म्हणजे सौर सनाच्या दल्व महिन्याची २६ तारीख, साल १३६७. नकाशावर रणगाडे उत्तरेकडे परतताना दाखवलेले गालिचे याच माघारीचे.

आकड्यांची वळणंही फसवतात. फारसी सात इंग्रजी व्हीसारखा असतो आणि आठ म्हणजे तोच व्ही पालथा. गालिचा उलट्या बाजूने धरला की सात-आठचा घोळ झालाच म्हणून समजा. आपल्या डोळ्याला आणखी एक सवय नडते: फारसी पाच जाड विणीत गोल होतो आणि आपण तो शून्य वाचतो. तिथलं शून्य म्हणजे नुसता ठिपका. तेव्हा आधी चित्र सुलटं करा, मग आकडे डावीकडून उजवीकडे वाचा.

साल नीट वाचलं तरी तेच विणल्याचं साल असं समजू नका. विणकर जुना गालिचा समोर ठेवून नक्कल करतात, तेव्हा सालही नक्षीसारखं उतरतं. चित्रातली सर्वांत नवी वस्तू शोधा. स्टिंगर क्षेपणास्त्रं अफगाण युद्धात १९८६मध्ये आली. न्यूयॉर्कचे पडणारे मनोरे २००१च्या आधी असूच शकत नाहीत. यातून ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच कळतं. नंतर कितीही वर्षांनी विणलेला असू शकतो.

चुकलेल्या स्पेलिंगवरून नकली ठरवणं

अक्षरं उलटी, शब्द तुटलेले, म्हणून गालिचा खोटा असं नसतं. लिपी न येणाऱ्या विणकरासाठी अक्षर हीसुद्धा नक्षीच. मनोऱ्यांच्या गालिच्यांवरचे दोन झेंडे आणि कबुतर अमेरिकेने विमानातून टाकलेल्या पत्रकांवरून आले, तेही असंच बघून विणलेलं. दुसऱ्या टोकाची चूकही टाळा: प्रत्येक गालिचा म्हणजे एखाद्या दुःखी बाईने गुपचूप विणलेला निषेध, ही विक्रेत्यांची आवडती कहाणी आहे. सुरुवातीच्या काही गालिच्यांत काठाच्या फुलांत बारीक हेलिकॉप्टरं लपलेली सापडतात, हे खरं. पण पुष्कळ गालिचे परदेशी गिऱ्हाईक समोर ठेवूनच विणले गेले. त्यात कमीपणा काही नाही. युद्धात घर चालवायचं होतं. पुरावा नसलेल्या गोष्टीसाठी मात्र जादा पैसे मोजू नका.

रंग न तपासता धुणं

यांतल्या बहुतेकांत रासायनिक रंग असतात, आणि लाल सुटला की चित्रामागची पांढरी जमीन गुलाबी होते. पांढरं सुती फडकं थंड पाण्यात भिजवून पिळा आणि प्रत्येक रंगावर पाच मिनिटं दाबून ठेवा. लाल, गडद निळा, काळा यांवर नक्की. फडक्याला रंग लागला तर घरी धुऊ नका. व्हिनेगरने रंग पक्का होतो या सल्ल्यावर विसंबू नका, आणि वाफेचं यंत्र अजिबात नको.

रंग पसरायला लागलाच तर तसाच वाळू देऊ नका. उताराच्या फरशीवर भरपूर थंड पाणी ओतत राहा, निथळणारं पाणी स्वच्छ झालं की टॉवेलने दाबून ओल काढा, मग आडवा पसरून पंख्याखाली वाळवा. दोरीवर टाकला तर रंग ओघळून खालच्या कडेला साठतो.

कसर आणि पावसाळा

कसरीच्या अळ्या अंधारात, सोफ्याखाली लोकर खातात. कडुनिंबाच्या पाल्याने त्या मरत नाहीत. कसर लागली असेल तर दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम करा (फिरता ब्रश काढून), पॉलिथीनमध्ये हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ ते २० अंशांत दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर ओल लोकरीवर धरते.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात गालिचा प्लास्टिकमध्ये ठेवलात तर बुरशी ठरलेली. लव, म्हणजे लोकरीची केसाळ बाजू, बाहेर ठेवून नळीवर गुंडाळा आणि वर धुतलेली सुती चादर घाला. घडी घातली की ताण्याला कायमची मोड पडते.

भिंतीवर खिळे ठोकणं

खिळ्यावर सगळा भार चार-सहा धाग्यांवर येतो आणि ते तुटतात. वरच्या कडेला पाच सेंटिमीटर रुंद सुती पट्टी शिवा. प्रत्येक टाका लवेत न घेता ताण्याभोवतून घ्या. पट्टीवर वेल्क्रोचा मऊ भाग आणि भिंतीवरच्या लाकडी फळीवर खरखरीत भाग लावा. टांगण्याआधी ताणा कुठल्या दिशेने आहे ते बघा: काही चित्रं मागावर आडवी विणलेली असतात. अशा गालिच्यात झालर डावी-उजवीकडे येते आणि भार बाण्यावर, म्हणजे आडव्या धाग्यांवर पडतो. तो टांगू नका. कापड लावलेल्या फळीवर सगळ्या बाजूंनी शिवून घ्या.