गॅस भरण्याआधी: सोलापुरात कमर्शियल फ्रिजचं काम शिकणाऱ्यांसाठी

मार्च संपत आला की सोलापुरात आमचे फोन वाजायला लागतात. मिठाईवाले, ज्यूस सेंटर, मटणाच्या खानावळी, डेअऱ्या, आइस्क्रीम पार्लर; तक्रार सगळ्यांची एकच. "कूलिंग होईना, गॅस संपलाय, येऊन भरून जावा." या कामात नव्याने येणाऱ्या पोरांना आणि पहिल्यांदाच हॉटेल टाकणाऱ्या मालकांना मी आधी हेच सांगतो, की गॅसवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. तो वापरून संपत नाही, बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि उन्हाळ्यातल्या बऱ्याच तक्रारींत तो कमी झालेलाच नसतो.

यंत्राचं काम नीट समजलं की निम्मं दुरुस्तीचं काम आलं असं समजा. आतल्या कॉइलमध्ये द्रव गॅस उकळतो आणि उकळताना मालातली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो, त्यामुळे ती आणखी तापते. मग मागच्या किंवा खालच्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता खोलीतल्या हवेत सुटते, वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि कॅपिलरी नावाच्या बारीक नळीतून दाब उतरून तो परत आत जातो. म्हणजे आतली उष्णता उचलून बाहेर टाकणं, एवढंच हे यंत्र करतं. म्हणून कुठल्याही तक्रारीला गेलात तरी मनात दोन प्रश्न धरा. आत उष्णता येतेय कुठून? आणि बाहेर टाकलेली जातेय कुठे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोलापुरात अवघड असतं. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा 42-43 च्या घरात जातो. यंत्राच्या नेमप्लेटवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. एन म्हणजे भोवतालची हवा 32 अंशांपर्यंत, एसटी म्हणजे 38 पर्यंत, टी म्हणजे 43 पर्यंत. आपल्याकडे टी सोडून दुसरं घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सेकंडहँड माल घेणारे ही पट्टी बघतच नाहीत. लिटर आणि काच बघून सौदा करतात. आणि टी क्लास घेतला तरी तो भट्टीशेजारी ठेवला तर त्याच्या पाठीमागची हवा 43 च्या कितीतरी वर असते. कंडेन्सर भोवतालच्या हवेपेक्षा गरम असेल तरच उष्णता बाहेर पडणार. हवा जितकी तापलेली, तितका दाब जास्त, करंट जास्त, आणि शेवटी ओव्हरलोड (कॉम्प्रेसरला जळण्यापासून वाचवणारा स्विच) ट्रिप होऊन कॉम्प्रेसर बंद. मालक म्हणतो, "दुपारीच बंद पडतोय, रात्री चांगला चालतोय." हे वाक्य ऐकलं की गेज (गॅसचा दाब मोजायचं मीटर) काढू नका, आधी यंत्रामागे हात घालून बघा.

मागे वीतभर तरी मोकळी जागा हवी. वर खोकी, पोती, जुन्या चादरी टाकलेल्या नसाव्यात. आणि कंडेन्सरची जाळी साफ हवी. आपल्या शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या आसपास जी दुकानं आहेत, तिथे सुताचा धुरळा जाळीवर असा बसतो की पलीकडचं काही दिसत नाही. हॉटेलात तळणाच्या वाफेचा तेलकटपणा आणि धूळ मिळून चिकट थर होतो. तो नुसत्या ब्लोअरने जात नाही. मेन स्विच बंद करून, पंख्याची मोटर झाकून, साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने पात्यांच्या उभ्या दिशेने घासावं. आडवं घासलं तर पाती वाकतात आणि हवा अडते. धुऊन वाळवल्यावर मालकाला क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारं मीटर) आधीचा आणि नंतरचा करंट दाखवा. मीटरवरचा आकडा खाली आलेला त्याने स्वतः पाहिला की पुढच्या वेळी सफाईचे पैसे देताना तो घासाघीस करत नाही.

आता पहिला प्रश्न, आत उष्णता कुठून येते. दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून गरम हवा आत जातेय. पण सगळ्यात मोठी उष्णता मालक स्वतः आत ठेवतो, आणि हे त्याला पटवणं हेच आपल्या कामातलं खरं कौशल्य आहे. हिशेब करून बघा. 20 लिटर दूध 80 अंशांवरून 5 अंशांवर आणायचं तर जवळपास 6,000 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एखादा व्हिजी कूलर, म्हणजे काचेच्या दाराचा उभा फ्रिज, सेकंदाला 350 ज्यूल, म्हणजे 350 वॅट उष्णता काढत असेल, तर दार एकदाही न उघडता फक्त त्या दुधासाठी पावणेपाच तास लागतील. तेवढ्या वेळात शेजारचं श्रीखंड, पनीर, दही सगळं तापतं. व्हिजी कूलर बनवलेला असतो थंड माल थंड ठेवण्यासाठी. गरम माल थंड करणं हे वेगळं काम आहे, त्याला ब्लास्ट चिलर नावाचं वेगळं आणि महागडं यंत्र मिळतं. ते परवडत नसेल तर पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवा, ढवळत राहा, पसरट ट्रेमध्ये दोन इंचांपेक्षा कमी थर ठेवा. उन्हाळ्यात टाकीचं पाणीच कोमट येतं, त्यामुळे इथे बर्फाला पर्याय नाही. अमेरिकेच्या फूड कोडमध्ये शिजवलेलं अन्न 57 अंशांवरून 21 वर दोन तासांत आणि एकूण सहा तासांत 5 वर आणायला सांगितलंय. आपल्या मटणाच्या रश्श्यालाही हा हिशेब तंतोतंत लागू पडतो.

डीप फ्रीझरचंही तेच. एक किलो पाणी एक अंशाने थंड करायला सुमारे 4.2 किलोज्यूल काढावे लागतात, पण शून्य अंशावरच्या त्याच पाण्याचा बर्फ करायला 334. म्हणजे गोठवण्याचं काम 80 अंश थंड करण्याइतकं जड आहे. खानावळवाले रविवारच्या तयारीसाठी शनिवारी ताजं मटण गठ्ठ्याने चेस्ट फ्रीझरमध्ये टाकतात आणि सकाळी मधला भाग अजून मऊच असतो. यात यंत्राचा दोष नाही. छोट्या, चपट्या पिशव्या करून, एकमेकींत फट ठेवून टाकल्या तर तेच फ्रीझर काम देतं.

अन्नाची तापमानं तोंडपाठ करा, कारण मालक तुम्हालाच विचारणार. आपल्या एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नियमांत थंड माल 5 अंश किंवा खाली, गोठवलेला उणे 18 किंवा खाली आणि गरम वाढायचं अन्न 60 च्या वर. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. काही जंतू तर अनुकूल तापमानाला वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. यंत्रावरचा डिजिटल आकडा आतल्या हवेचा असतो, मालाचा नाही. म्हणून मधल्या कप्प्यात पाण्याची बाटली ठेवून द्या आणि प्रोब थर्मामीटर (टोकदार दांडीचा थर्मामीटर) तिच्यात बुडवून वाचा. थर्मामीटरची खात्री करायला कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी एकत्र करा, तिथे शून्य दिसलं पाहिजे. कच्चं मटण-चिकन कायम सगळ्यात खाली, तयार अन्न वर, म्हणजे रक्ताचं पाणी बासुंदीत ठिबकणार नाही. हे सांगणं आपलं काम नाही असं काही मेकॅनिक म्हणतात. मला ते पटत नाही. त्या दुकानात लहान मुलं आइस्क्रीम खातात, म्हाताऱ्या माणसांसाठी दही जातं. यंत्राचं तापमान बघणाऱ्याने आतलं अन्नही बघितलंच पाहिजे.

विजेचं थोडक्यात सांगतो. व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो आणि तापतो, म्हणून योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर हवाच, आणि त्यात तीन मिनिटांचा टाइम डिले हवा. बंद पडल्यावर दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर स्टॉल लागतात, तिथे बारीक, लांबलचक वायर ओढून फ्रीझर चालवतात. बोर्डावर 230 असलं तरी फ्रीझरपाशी पोचेपर्यंत व्होल्टेज गळालेलं असतं. तिथे वायर बदलली की "बिघडलेला" फ्रीझर चालू होतो. लाईट गेली तर दार उघडू नका. साधा फ्रिज बंद दाराने साधारण चार तास तग धरतो, भरलेला हार्ड टॉप, म्हणजे जाड बंद झाकणाचा फ्रीझर त्याहून बराच जास्त, काचेचा ग्लास टॉप मात्र लवकर हार मानतो.

एवढं सगळं तपासून झालं, आणि कॉइलवर अर्धवटच बर्फ दिसतोय, करंट नेहमीपेक्षा कमी आहे, सांध्यावर तेलाचा डाग आहे, तर आता गॅसकडे वळा. आणि वळलात तर पूर्ण काम करा. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधा, सांधा ब्रेझ करा (टॉर्चने धातू वितळवून जोडा), ड्रायर (ओलावा शोषणारा फिल्टर) नवा बसवा, नळ्यांतली हवा आणि ओलावा काढायला व्हॅक्युम पंप पुरेसा वेळ चालवा, आणि नेमप्लेटवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरा. गळती न शोधता अंदाजाने गॅस मारून जाणाऱ्याला पुढच्याच महिन्यात परत बोलवावं लागतं. त्यात मालकाचे पैसे जातात आणि गॅस वातावरणात. कमर्शियल फ्रिजमधल्या आर-404ए या गॅसचा एक किलो वातावरणाला जवळपास 3,900 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. 2016 च्या किगाली करारानुसार भारतात 2028 पासून अशा गॅसांवर मर्यादा येतेय, 2047 पर्यंत 85 टक्के कपात करायचीय. म्हणून नव्या यंत्रांत आर-290, म्हणजे शुद्ध प्रोपेन, वाढत चाललाय. तो पेट घेतो. लहान यंत्रात तो बहुतेक 150 ग्रॅमच्या आतच असतो, तरी बंद खोलीत तेवढाही धोक्याचा. नळी टॉर्चने उघडू नका, कटरने कापा. दारं-खिडक्या उघडा, आधी गॅस मोकळ्या हवेत सोडा, नायट्रोजनने नळ्या साफ करा, मगच ज्योत पेटवा. आर-134ए या न पेटणाऱ्या गॅसच्या यंत्रात आर-290 भरून "स्वस्तात काम केलं" म्हणणाऱ्याच्या हाताखाली राहू नका.

शिकायचं कुठे? दहावीनंतर आयटीआयला रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा कोर्स आहे, तो करावा. वीज, ब्रेझिंग आणि दाब-तापमानाचे तक्ते तिथे पद्धतशीर होतात. पुढे एखाद्या जुन्या मिस्त्रीबरोबर फिरा, पण निवडताना त्याच्या गाडीत व्हॅक्युम पंप आणि वजनकाटा आहे का ते आधी बघा. स्वतःची हत्यारं घेताना क्लॅम्प मीटर आणि प्रोब थर्मामीटर आधी, गेज नंतर. प्रत्येक दुकानाची वही ठेवा: तारीख, बाहेरचं तापमान, आतलं तापमान, व्होल्टेज, करंट. दुसऱ्या वर्षी तीच वही तुम्हाला बिघाड सांगते. आणि एएमसीची (वार्षिक देखभालीचा करार) पहिली फेरी फेब्रुवारीत उरकून घ्या. एप्रिलमध्ये सगळ्यांना एकाच दिवशी तुम्ही हवे असता.

ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी आपल्या जिल्ह्यात कोल्ड स्टोरेजचं काम आहे. तिथे प्रत्येक फळाचं गणित वेगळं. द्राक्षं शून्याच्या आसपास टिकतात, डाळिंब 5 अंशांच्या खाली फार दिवस ठेवलं तर सालीवर डाग पडतात, आणि केळी 13 च्या खाली गेली की काळवंडतात. मोठ्या स्टोरेजमध्ये अमोनिया असतो, तो विषारी आहे. फ्रिजच्या अनुभवावर त्याला हात लावू नका. त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्या आणि पहिला हंगाम तिथल्या ऑपरेटरबरोबर प्लांटवर काढा.