विद्यापीठाच्या आवारात फ्लू पसरू नये म्हणून

फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, आणि ताप चढण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच त्या व्यक्तीकडून इतरांना लागण होऊ शकते. म्हणजे ज्या विद्यार्थ्याला आज रात्री कणकण जाणवणार आहे, तो सकाळी व्याख्यानाला, दुपारी प्रयोगशाळेत आणि संध्याकाळी मेसच्या रांगेत उभा राहून आलेला असतो. कोणीतरी खोकू लागले की मग बघू, असे म्हणून इथे भागत नाही; तयारी साथ येण्यापूर्वीच करावी लागते.

तयारीचा पहिला भाग लसीचा. हा विषाणू सतत रूप बदलत असल्याने लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि टोचल्यानंतर शरीरात संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून ती हंगामाच्या तोंडावर घेतलेली बरी. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, परंतु आजार गंभीर होण्याची शक्यता कमी होते. विद्यापीठाने लसीकरण केवळ आरोग्य केंद्रात कार्यालयीन वेळेत न ठेवता वसतिगृहाच्या प्रवेशद्वाराशी संध्याकाळी ठेवावे. तास बुडवून सुई टोचून घ्यायला जाणारा विद्यार्थी विरळाच.

हात साबणाने किमान 20 सेकंद धुवावेत, साबण नसेल तेव्हा 60 टक्के किंवा त्याहून अधिक अल्कोहोल असलेले सॅनिटायझर वापरावे, आणि शिंकताना तळहाताऐवजी कोपराचा आतला भाग तोंडासमोर धरावा, हे सर्वांना ठाऊक असते. कमी लक्ष जाते ते मेसमधल्या वाढण्याच्या डावाकडे. प्रत्येक जण आपले ताट आपणच वाढून घेतो तेव्हा तो एकच डाव तासाभरात शेकडो हातांतून जातो, आणि तोच हात पुढच्या क्षणी घासासह तोंडाशी येतो. साथीच्या दिवसांत एकाच कर्मचाऱ्याने सर्वांना वाढावे, किंवा हात धुण्याची सोय रांगेच्या सुरुवातीलाच करावी.

मात्र फ्लू प्रामुख्याने पसरतो तो खोकताना, शिंकताना आणि बोलताना उडणाऱ्या थेंबांतून, त्यामुळे खरा प्रश्न आजारी विद्यार्थी कुठे थांबतो हा आहे. वसतिगृहात काही खोल्या अशा वेळेसाठी रिकाम्या राखता आल्या तर उत्तमच. ते शक्य नसेल तर दोन खाटा शक्य तितक्या दूर सरकवाव्यात, झोपताना एकाची उशी जिकडे त्याच बाजूला दुसऱ्याचे पाय येतील असे पाहावे, खिडकी उघडी ठेवावी आणि दोघांनीही खोलीत मास्क लावावा. पाण्याची बाटली, टॉवेल आणि चार्जिंगला लावलेला दुसऱ्याचा फोन यांना हात लावू नये. सोबत्याने जेवणाचा डबा दारात ठेवून निघावे. मैत्रीपोटी खाटेवर बसून गप्पा मारण्याची ही वेळ नव्हे.

या सगळ्यावर पाणी पडते ते हजेरीच्या नियमामुळे. एका दिवसाच्या तापासाठीही वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले, तर आजारी मुलगा एकतर वर्गात येऊन बसतो, नाहीतर प्रमाणपत्रासाठी दवाखान्याच्या गर्दीत तासभर खोकत राहतो. माझ्या मते साथ असेपर्यंत विद्यार्थ्याचा ईमेल पुरेसा मानावा आणि व्याख्यानाच्या टिपा त्याच्यापर्यंत पोहोचवाव्यात. शिक्षक स्वतः आजारी असल्यास त्यांनीही घरी थांबावे, कारण तासभर मोठ्याने बोलणारी व्यक्ती वर्गात तीच असते.

दमा, मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर मात्र पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण विषाणूविरोधी औषध लक्षणे सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत घेतल्यास त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. धाप लागणे, छातीत दुखणे, गोंधळल्यासारखे होणे, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढून खोकला वाढणे, यांपैकी काहीही दिसल्यास कोणीही असो, तातडीने रुग्णालय गाठावे. प्रतिजैविके फ्लूच्या विषाणूवर चालत नाहीत, आणि अठरा किंवा त्याहून कमी वयाच्या मुलांनी तापासाठी अ‍ॅस्पिरिन घेऊ नये.

वर्गात परतण्याची कसोटी अशी की तापाचे औषध न घेता पूर्ण 24 तास ताप नसावा आणि एकूण प्रकृती सुधारत असावी. सकाळी पॅरासिटामॉल घेऊन अंग गार लागले म्हणून परीक्षेला येऊन बसणे या कसोटीत बसत नाही. अशा विद्यार्थ्यासाठी फेरपरीक्षेची तारीख विद्यापीठाने साथ सुरू होतानाच जाहीर करून ठेवावी.