स्टोमा आहे म्हणून लग्नाला जाणं टाळू नका. ही तयारी करा

स्टोमा म्हणजे मळ बाहेर यावा म्हणून शस्त्रक्रियेने पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड. तयारी आदल्या रात्रीच. मळ गोळा करायच्या पिशव्या घ्यायला कुणाला सांगावं लागत नाही. राहते ती भोक कापून ठेवलेली फ्लॅन्ज, म्हणजे स्टोमाभोवती कातडीला चिकटणारी, पिशवी बसवायची चकती. तिचे दोन नग घ्या. मापपट्टीने स्टोमा मोजा, भोक त्याहून २ ते ३ मिलिमीटर मोठं कापा आणि कडा बोटाने घासून गुळगुळीत करा. भोक जास्त मोठं झालं तर मळ कातडीला लागून ती सोलवटते. लहान झालं तर कड स्टोमाला काचते. कार्यालयाच्या संडासात, एका हाताने वाहता स्टोमा झाकून दुसऱ्या हाताने गोल कापणं जमत नाही. न कापलेली फ्लॅन्ज सोबत असून नसल्यासारखीच.

पिशव्या दोन, फ्लॅन्जच्याच मापाच्या. ५७ मिलिमीटरच्या फ्लॅन्जवर ४५ ची पिशवी बसत नाही. पिशवीचं तोंड बंद करायची जादा क्लिप, फ्लॅन्जखाली लावायची पेस्ट, मऊ सुती कापडाचे तुकडे, पाण्याची बाटली (संडासातल्या नळाला पाणी असेलच असं नाही), वर्तमानपत्र, काळ्या पिशव्या, कपड्यांचा एक जोड. सुगंधी वाइप्स नकोत, त्यांचा थर कातडीवर राहतो आणि फ्लॅन्ज धरत नाही. हळदीचं तेलही पोटापर्यंत येऊ देऊ नका. हे सगळं खांद्यावरच्या झोळीत ठेवा, गाडीच्या डिकीत अजिबात नाही: उन्हात बंद गाडीत फ्लॅन्जचा चिकट थर मऊ पडतो, आणि हवी तेव्हा गाडीची किल्ली भलत्याच्याच खिशात असते. झोळी कुठे आहे हे घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. आणि झोळी बंद करण्याआधी पुन्हा बघा: फ्लॅन्ज आहे का, आणि ती कापलेली आहे का?

फ्लॅन्ज बदलायची पाळी लग्नाच्या दिवशी येत असेल तर आदल्या सकाळीच बदला, काही खाण्याआधी. तेव्हा स्टोमा शांत असतो. परकराची किंवा पायजम्याची नाडी स्टोमावर आली तर मळ खाली उतरत नाही, वरच साचून फ्लॅन्जखाली शिरतो. नाडी स्टोमापेक्षा उंच, कमरेच्या वरच्या बाजूला बांधा.

पिशवी भरू नये म्हणून उपाशी जाऊ नका, रिकाम्या पोटी गॅस वाढतो. जेवा, सावकाश चावून. इलिओस्टोमी (लहान आतड्याचा स्टोमा) असेल तर ओलं खोबरं, मक्याचे दाणे, शेंगदाणे यांना जपा, ते अडकतात. मठ्ठा चालतो, सोडा नको. उन्हाळ्यात नुसत्या पाण्याने गेलेले क्षार भरून निघत नाहीत. ओआरएसचं १ लिटरचं पाकीट १ लिटर पाण्यातच कालवा, कमी पाण्यात नाही.

पोचल्यावर आधी संडास बघून ठेवा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, पंगतीला बसण्याआधी तर नक्कीच. नीट बसलेल्या बंद पिशवीचा वास येत नाही. आला, तर ती गळती समजा आणि लगेच बदला. कापलेली फ्लॅन्ज असेल तर थोड्या वेळात मांडवात परत याल, नसेल तर घरी जावं लागेल.

वरातीत नाचा, पिशवी रिकामी करून. गाद्या, पातेली उचलायला जाऊ नका, हर्नियाची भीती असते. वापरलेली पिशवी कागदात गुंडाळून कचऱ्यात, कमोडमध्ये नाही.

इलिओस्टोमीतून ४ ते ६ तास काहीच आलं नाही आणि पोटात कळा येत असतील, तर पोट साफ व्हायचं औषध घेऊ नका. स्टोमा काळा-निळा दिसला तरीही तसंच: थेट रुग्णालय.