थंडीतल्या अंगणासाठी पानगळीचं झाड निवडताना

आधी आपला हार्डिनेस झोन बघा, म्हणजे हिवाळ्यातल्या थंडीनुसार ठरवलेला भागाचा क्रमांक. तिसरा झोन म्हणजे दर वर्षीच्या सगळ्यात नीचांकी तापमानाची सरासरी उणे ४० ते उणे ३४ अंश सेल्सिअस. ऊन, जागा, वरच्या विजेच्या तारा हे तुम्ही बघालच.

मागच्या वेळी माझं राहिलं ते हे: रोप ज्या बीचं आहे ते बी कुठल्या भागातलं, हे विचारा. रेड मेपल फ्लोरिडात उगवतो तसा कॅनडातही. जात एकच, पण दक्षिणेकडच्या बीचं रोप उत्तरेत आणलं की दिवस लहान होऊ लागले तरी ते वाढतच राहतं आणि कोवळ्या फांद्या पक्क्या होण्याआधीच कडाक्याची थंडी गाठते. वसंतात शेंड्याची साल नखाने खरवडली की आत हिरवं नाही, तपकिरी दिसतं. चिठ्ठीवर ‘झोन ३’ छापलंय म्हणून गप्प बसू नका, बी कुठलं ते विचारा. नर्सरीवाल्याला सांगता येत नसेल तर दुसरी नर्सरी गाठा.

आता झाडं. जागा मोठी असेल तर बर ओक, दुसरा विचारच नको. वाढतो सावकाश, पण थंडी, दुष्काळ, चुनखडीची माती सगळं सोसतो. त्याचंही बी उत्तरेकडचंच हवं. शुगर मेपलचा शरदातला रंग अप्रतिम, पण बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ त्याला सोसत नाही, तेव्हा रस्त्याकडेला नको. पेपर बर्चची मुळं गार, ओलसर मातीत हवीत. तापणाऱ्या भिंतीशी लावलात तर खोडकिडा येणारच. सिल्व्हर मेपल झपाट्याने वाढतो आणि बर्फाच्या ओझ्याने तितक्याच सहज मोडतो. घराजवळ नकोच. अ‍ॅश तर अजिबात नको: एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला, तेव्हापासून उत्तर अमेरिकेत कोट्यवधी अ‍ॅश गेले.

पैसे देण्याआधी कुंडीतली माती बोटाने बाजूला सारून खोड जिथे मुळांकडे रुंदावतं ती जागा शोधा. लावताना ती जमिनीच्या पातळीवरच हवी, पुरायची नाही. मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर रोप परत ठेवा. आणि बी कुठलं, हे विचारलंत ना?

पुढचं थोडक्यात. खड्डा रुंद, खोल नाही. पालापाचोळा खोडाला न टेकवता. जमीन गोठेपर्यंत पाणी. हिवाळ्यात पातळ सालीच्या खोडाला पांढरं वेष्टन, वसंतात ते काढायचं. सशांसाठी जाळी, तीही साचलेल्या बर्फाच्या वरपर्यंत.