बॉबस्लेच्या ट्रेनिंग सेंटरमधला नवख्याचा दिवस: नागपूरच्या धावपटूंसाठी

मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात सरावाला येणारी पोरं-पोरी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, आपल्याकडे बर्फ फक्त गोळ्यात अन् रसवंतीत. तुम्ही बॉबस्ले शिकल्या कशा?"

उत्तर जरा सविस्तर देते, कारण या खेळातलं आपल्याला दिसतं ते टीव्हीवरचं एक मिनिट. स्लेडमध्ये, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीत, डोकं खाली घालून बसलेले खेळाडू आणि बर्फाच्या नाळीतून सुसाट खाली येणारी स्लेड. ट्रेनिंग सेंटरमध्ये नवीन खेळाडूच्या वाट्याला असं मिनिट दिवसातून दोनदा येतं, फार तर तीनदा. उरलेला दिवस धावणं, ढकलणं, उचलणं, घासणं, खाणं आणि झोपणं यात जातो. यातलं बहुतेक सगळं नागपुरात शिकता येतं, हे मला ठामपणे सांगायचं आहे.

आधी खेळ समजून घ्या. पुरुषांच्या दोघांच्या स्लेडचं वजन रिकामी असताना किमान १७० किलो असतं आणि खेळाडूंसकट ते ३९० किलोंच्या वर जाऊन चालत नाही. चौघांच्या स्लेडला हेच आकडे २१० आणि ६३० किलो. इंजिन नाही. उभी असलेली ही स्लेड साधारण ५० मीटर जीव तोडून ढकलायची आणि पळत्या स्लेडमध्ये उडी मारून बसायचं. पुढे स्लेड वळवणारा पायलट, मागे ब्रेक ओढणारा ब्रेकमन. पहिल्या १५ मीटरपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. त्यानंतरच्या ५० मीटरची वेळ म्हणजे स्टार्ट टाइम, चांगल्या संघांची ५ सेकंदांच्या आसपास. स्टार्टला एक दशांश सेकंद गमावला तर खाली पोचेपर्यंत त्याचे तीन होतात, असं प्रशिक्षक सांगतात. वर जो वेग मिळवला त्यावरच पुढचा सगळा उतार चालतो.

म्हणून तर जगभरातले बॉबस्ले संघ मैदानावरचे धावपटू शोधत फिरतात. अमेरिकेच्या लॉरिन विल्यम्सने २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकला १०० मीटरचं रौप्य जिंकलं, २०१२ मध्ये लंडनला रिलेचं सुवर्ण, आणि २०१४ मध्ये सोचीला बॉबस्लेचं रौप्य. तेव्हा तिला हा खेळ सुरू करून वर्षही झालं नव्हतं. जर्मनीची अलेक्झांड्रा बुर्कहार्ट २०२२ मध्ये बीजिंगला बॉबस्लेत रौप्य जिंकली आणि २०२४ मध्ये पॅरिसला रिलेत कांस्य. १९८८ मध्ये कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकला बॉबस्लेत उतरलेला, बर्फ नसलेल्या जमैकाचा संघ तर सगळ्यांना ठाऊक आहे.

मी स्वतः विद्यापीठ पातळीवर २०० मीटर धावायचे. "धावायला वजन जास्त अन् गोळाफेकीला कमी" हे ऐकून कान किटले होते. बॉबस्लेला नेमकं असंच शरीर हवं असतं. जोडी हलकी असेल तर कमी पडलेलं वजन स्लेडमध्ये धातूचे तुकडे बसवून भरून काढता येतं, पण मग ते स्टार्टला ढकलावंही लागतं. खेळाडू वजनदार असून वेगवान असेल तर स्लेड हलकी ठेवता येते. नागपुरात मैदानामैदानावर अशी मुलं-मुली आहेत, धावण्यात चौथी-पाचवी येणारी, वेटलिफ्टिंगमध्ये बरी, कबड्डीत दमदार. हा खेळ त्यांच्यासाठी आहे आणि त्यांना तो कुणी सांगतच नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आपल्या देशात बॉबस्लेचा ट्रॅक नाही. त्यामुळे बर्फावरचं शिक्षण बाहेरच घ्यावं लागतं. माझा पहिला कॅम्प दक्षिण कोरियात प्योंगचांगच्या अल्पेन्सिया स्लायडिंग सेंटरवर झाला. २०१८ च्या ऑलिंपिकचा हा ट्रॅक १६ वळणांचा आहे. त्या वर्षी कोरियाच्या चौघांच्या संघाने इथेच रौप्यपदक घेतलं, बॉबस्लेतलं आशियाचं पहिलं ऑलिंपिक पदक. २०२४ च्या हिवाळी युवा ऑलिंपिकमध्ये याच ट्रॅकवर ट्युनिशियाच्या मुलाने आणि थायलंडच्या मुलीने मोनोबॉबमध्ये, म्हणजे एकट्याने चालवायच्या स्लेडमध्ये, रौप्यपदकं मिळवली. दोन्ही उन्हाचे देश, दोन्हीकडे ट्रॅक नाही. आपल्या पोरांनी ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी.

आता दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी सहाच्या सुमारास उठायचं. बाहेर उणे दहा-पंधरा अंश. वजन करून वहीत लिहायचं, कोमट पाणी प्यायचं, अंग मोकळं करायचं आणि पोटभर नाश्ता. त्यानंतर सगळे गॅरेजमध्ये. नवख्याची खरी ड्युटी इथे सुरू होते. स्लेड कुशीवर आडवी करून खालच्या पोलादी पट्ट्या, ज्यांना रनर म्हणतात, त्या बसवायच्या, बोल्ट तपासायचे, स्लेड ट्रकवर चढवायची, वर स्टार्टला उतरवायची. उचलताना कंबर सरळ, जोर पायांचा. हे जिममध्ये शिकलेलं असेल तर उत्तम, नाहीतर पहिल्याच आठवड्यात पाठ धरते आणि कॅम्प तिथेच संपतो.

ट्रॅकवर गेल्यावर आधी पायी चालायचं. वरून खालपर्यंत बर्फाच्या कडेने चालत प्रत्येक वळण कुठे सुरू होतं, भिंत किती उंच जाते, ते पाहायचं. पायलटला हे पाठ असावंच लागतं. मागे बसणाऱ्यालाही ते तितकंच लागतं, कारण त्याचं डोकं गुडघ्यांजवळ असतं आणि बाहेरचं काही दिसत नाही. वळणावर अंगावर येणाऱ्या दाबावरून मोजायचं, आता सातवं, आता आठवं. ब्रेक ओढायचा तो अंतिम रेषा पार झाल्यावरच. ब्रेक म्हणजे बर्फात रुतणारे लोखंडी दात. ते मध्येच ओढले तर बर्फ उखडतो आणि मागून येणाऱ्या स्लेडला धोका होतो.

पहिल्या दिवशी कुणालाही अगदी वरून सोडत नाहीत. ट्रॅकच्या खालच्या भागातून सुरुवात, मग हळूहळू वर. पूर्ण उंचीवरून येताना वेग ताशी १२० किलोमीटरच्या पुढे जातो. पहिल्यांदा खाली आल्यावर काय वाटतं हे सगळे विचारतात. आवाज वाटतो. नुसता आवाज आणि मानेवर वजन. चौथ्या-पाचव्या वळणानंतर शरीर आपोआप दाबाची वाट पाहू लागतं, आणि तिथून हा खेळ आवडायला लागतो.

स्लेड उलटली तर काय करायचं हे आधी शंभरदा ऐकवतात. आतले दांडे घट्ट धरायचे, हनुवटी छातीला लावायची आणि स्लेड थांबेपर्यंत आतच राहायचं. बर्फावर घासलं की कातडी भाजल्यासारखी निघते, म्हणून सूटखाली केव्हलरचं, म्हणजे फार चिवट धाग्याचं, जाकीट घालतात. ते गरम होतं, अवघडल्यासारखं वाटतं, तरी ते न घालता कधीही बसू नका.

आणि डोकं. याबद्दल मी थांबून बोलणार आहे. स्लेडमध्ये धक्के सतत बसतात, न उलटताही. संध्याकाळी डोकं जड होणं, उजेड सहन न होणं, शब्द पटकन न आठवणं, असं काही झालं की त्याच दिवशी प्रशिक्षकाला आणि डॉक्टरला सांगा आणि दुसऱ्या दिवशी बसू नका. जागा जाईल या भीतीने लपवणारे खेळाडू मी पाहिले आहेत. आपल्याकडून गेलेल्या खेळाडूवर तर दडपण जास्तच असतं, घरच्यांनी पैसे जमवलेले असतात, गावाने हार घातलेले असतात. तरीही सांगा. एका दिवसात जास्त फेऱ्या घेतल्या म्हणून कुणी लवकर शिकत नाही.

दुपारी जेवण आणि तासभर झोप. मग एक दिवस आड जिम, पॉवर क्लीन (जमिनीवरचं वजन झटक्यात खांद्यापर्यंत उचलणं), स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उठबस), उड्या. ज्या दिवशी जिम नाही त्या दिवशी छताखालच्या बर्फाच्या स्टार्टवर ढकलण्याचा सराव. बुटांना सुईसारखे शेकडो बारीक खिळे असतात, तरी पहिले काही दिवस पाय बर्फाला घाबरतो आणि पावलं आखडती पडतात. धावपटूची सवय असते उंच उठून धावायची. इथे कमरेतून वाकून, हात ताठ ठेवून, स्लेडच्या मागे खाली राहून जोर लावायचा असतो. स्लेडने वेग घेतला की तिच्याशी पाय जुळवायचे आणि तिला मागे न खेचता आत बसायचं. उडी जराशी उशिरा पडली किंवा जोरात आदळली, तर कमावलेला वेग तिथेच जातो. नवख्याचा सगळ्यात जास्त वेळ या बसण्यावर जातो आणि जावा.

संध्याकाळी व्हिडिओ पाहणं झालं की रनर घासणं. बाहेरून बघणाऱ्याला हे मजुरीचं काम वाटेल. माझ्या मते नवीन खेळाडू या खेळात मुरतो तो इथे. पोलादी रनर शिकंज्यात पकडायचा आणि सँडपेपरने एकाच दिशेने घासायचा. आधी जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी नखालाही ओरखडा लागू नये असा. तास-दोन तास सहज जातात. घासलेल्या भागाला उघडं बोट लावायचं नाही, त्याचा ओलावा राहतो. शर्यतीच्या दिवशी रनर गरम करून आणता येत नाहीत. मोकळ्या हवेत एक नमुन्याचा रनर टांगलेला असतो, तुमचा त्याच्यापेक्षा ४ अंशांहून जास्त गरम निघाला तर संघ बाद होतो. पायलट तुमच्याकडे आधी याच कामातून पाहतो. ज्याने रनर नीट घासला, बोल्ट दोनदा तपासले, त्याच्या भरवशावर तो डोळे पुढे ठेवून स्लेड चालवतो.

खाण्याचं सांगायचं तर भात, अंडी, टोफू, मांस, किमची भरपूर मिळतं. शाकाहारी असाल तर आधी कळवा आणि सोबत सातू, शेंगदाणे, जवसाची चटणी न्या. तिखटाची सवय असलेल्या जिभेला चटणीच्या एका डबीने फार आधार मिळतो. थंडीत भूक मंदावते आणि वजन उतरतं, म्हणून भूक नसली तरी वेळेवर खायचं. घरी फोन रात्री नऊला करायचे, तेव्हा नागपुरात साडेपाच वाजलेले असतात आणि आई हमखास विचारते, "जेवून राहिली ना बरोबर?"

औषधांबाबत कडक राहा. सर्दीच्या साध्या गोळीतही स्यूडोएफेड्रिन असू शकतं आणि स्पर्धेच्या काळात ते ठरावीक मर्यादेपलीकडे शरीरात सापडलं तर डोपिंग ठरतं. घरून दिलेली चूर्णं, जिममधल्या मित्राने दिलेली पावडर, काहीही डॉक्टरला न दाखवता घेऊ नका.

आता नागपुरात काय करायचं ते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पहाटे पाचला ट्रॅकवर या आणि साडेसातच्या आत घरी जा. ३० मीटरच्या दौडी, पूर्ण विश्रांती घेऊन, थोड्याच पण पूर्ण ताकदीने. उभ्याने लांब उडी. दोन्ही हातांनी गोळा खालून पुढे फेकणं. आठवड्यात दोन दिवस स्क्वॉट आणि पॉवर क्लीन, तंत्र जाणणाऱ्या प्रशिक्षकासमोरच. बहुतेक ठिकाणी निवडीच्या चाचणीत याच गोष्टी मोजतात. ढकलण्यासाठी मी हिंगणा एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून लोखंडी फ्रेमला चाकं लावून घेतली होती, वर वजनाच्या प्लेटा ठेवायच्या आणि रिकाम्या सिमेंट रस्त्यावर ढकलायचं. तेही शक्य नसेल तर मोकळ्या, सपाट जागेत न्यूट्रलमध्ये टाकलेली कार, आत स्टिअरिंगवर आणि ब्रेकवर भरवशाचा माणूस बसवून. ल्यूजमध्ये, म्हणजे उताणं झोपून चालवायच्या स्लेडच्या खेळात, भारताकडून १९९८ ते २०१८ अशी सहा ऑलिंपिक खेळलेला शिवा केशवन हिमालयातल्या रस्त्यांवर चाकांच्या स्लेडवरच सराव करायचा.

तयारी झाली की आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे आयबीएसएफच्या संकेतस्थळावर कॅम्पच्या घोषणा पाहत राहा. स्पर्धेचा परवाना राष्ट्रीय संघटनेमार्फतच मिळतो, त्यामुळे पत्रव्यवहार तिथूनच सुरू करा. पत्रात स्वतःचं कौतुक नको. उंची, वजन, ३० मीटरची वेळ, लांब उडीचं अंतर, स्क्वॉट आणि क्लीनचं वजन आणि जुन्या दुखापती, एवढं लिहा. सोबत बाजूने काढलेला धावण्याचा आणि ढकलण्याचा व्हिडिओ जोडा, न कापलेला, ज्यात सुरुवातीचं पाऊल स्पष्ट दिसेल. पासपोर्टचं काम त्याआधीच उरकून ठेवा, कारण बोलावणं आलं की हाताशी फार दिवस नसतात.